शब्दाची पत

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात अहवाल वाचला जातो, हिशेब मंजूर होतात, गुणी विद्यार्थ्यांचा गौरव होतो आणि त्यानंतर कोणीतरी चार शब्द बोलावेत अशी आपली प्रथा आहे. तो मान यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विद्या, उद्योग, वसतिगृह, विवाहातील खर्च हे विषय ह्या व्यासपीठावरून अनेकदा मांडले गेले आहेत आणि पुढेही मांडले जातील. आज ज्या विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो, तो आपणा प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलवरून आपण एकमेकांस जे निरोप पाठवितो, राजकारणावर आणि समाजावर जे वाद घालतो, आणि शहानिशा न करता जे पुढे ढकलतो, त्याचा थोडा विचार आज करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम ह्या साधनाचे उपकार मान्य केले पाहिजेत. पूर्वी गावाकडे कोणी वारले तर दूरच्या आप्तांना पत्र पोचेपर्यंत कधी कधी दहावाही उलटून जाई. आज निधनाची वार्ता घटकाभरात परदेशातील नातवंडांपर्यंत पोचते. रात्रीअपरात्री रक्ताची गरज लागली, मुलासाठी वसतिगृहातील जागेची चौकशी करावयाची झाली, उपवर मुलामुलींची माहिती हवी असली, तर ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की काम होते. ज्या सभेच्या आमंत्रणासाठी चिटणिसांना पोस्टकार्डांचा ढीग लिहावा लागे, ते आमंत्रण आता एका क्षणात सर्वांच्या हाती पडते. पांगलेली ज्ञाती ह्या साधनाने पुन्हा एका ओसरीवर आणून बसविली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु ज्या वाटेने लग्नाचे आमंत्रण येते, त्याच वाटेने खोटी बातमीही येते. आणि ती खोटी बातमी आपण खरी का मानतो, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस आपल्या वाडवडिलांच्या व्यवहारातील एका गोष्टीची आठवण होते.

त्या काळी व्यापार हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी, मुदती हुंडी असे तिचे प्रकार होते. त्यांतच शहाजोग हुंडी म्हणून एक प्रकार असे. हिचे पैसे कोणाही आणून देणाऱ्यास मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातून ती आली, तरच पेढीवाला पैसे मोजी. हुंडी लिहिणारा दूरच्या गावी. त्याला पाहिलेले नसले तरी चाले. कागद आणणारा शहा ओळखीचा आहे, एवढ्यावर व्यवहार होई. मात्र ह्या विश्वासाला एक अट होती. हुंडी बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणून शहाजोग हुंडी हाती घेताना शहा दहादा विचार करी.

आता आपल्या ग्रुपवर येणारा निरोप पाहा. तो मूळ कोणी लिहिला हे आपणांस ठाऊक नसते. लिहिणाऱ्याचे नाव, गाव, तारीख यांपैकी काहीही त्यावर नसते. तरी आपण तो खरा मानतो, कारण तो आपल्या काकांनी पाठविलेला असतो, मावशींनी पाठविलेला असतो, संस्थेच्या एखाद्या जुन्या आणि आदरणीय सभासदाने पाठविलेला असतो. मजकूर अनोळखी माणसाचा, पण पत आपल्या माणसाची. खोट्या बातमीचे सारे बळ ह्या उसन्या पतीत आहे. शहाजोग हुंडीची सोय आपण ठेवली आणि अट तेवढी काढून टाकली. निरोप खोटा निघाला तरी कोणी काही परत करीत नाही. फार तर “मला आला तसा पुढे पाठविला” एवढे म्हणून मोकळे होतो.

ही केवळ शिष्टाचाराची बाब असती, तर आम्ही संमेलनाचा वेळ घेतला नसता. पण ह्या हलगर्जीपणाची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा क्रम. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत अशा आशयाचे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून पसरले होते. ह्या अनोळखी माणसांकडे पाहताच लोकांना ते निरोप आठवले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. ती कचेरी गावाच्या न्यायाची आणि कारभाराची जागा होती, आणि तेथेच हे घडले.

त्याच वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. मोटारसायकलवरून आलेला माणूस खेळणाऱ्या मुलांतून एकास उचलून नेतो, असे तीत दिसे. ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. तिच्या शेवटी तोच माणूस मुलाला परत आणून सोडतो आणि हाती फलक धरतो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा पाठविणाऱ्या हजारो आईबापांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या लेकरांच्या काळजीपोटीच त्यांनी तो पाठविला. म्हणूनच आम्ही म्हणतो की सद्हेतू हा येथे पुरेसा बचाव नाही. शहाच्या मनात कपट नसले, तरी बनावट हुंडीने व्हावयाचे नुकसान होतच असे.

कोणी म्हणेल, हे खेड्यापाड्यांतील अशिक्षितांचे प्रकार. आपल्या सुशिक्षित ज्ञातीस त्यांचे काय? इतिहास असे सांगत नाही. अफवा ही मोबाइलची निर्मिती नव्हे. प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर १८९६ मध्ये, इस्पितळात रोग्यांना मुद्दाम मारतात अशा वदंतेने चिडलेल्या गिरणीकामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा रांगा लावणाऱ्यांत पदवीधरांची संख्या काही कमी नव्हती. द्रवाचा पृष्ठताण आणि मूर्तीवरून ओघळणारा दुधाचा पातळ थर यांचे साधे शास्त्र शाळेत शिकलेलेही त्या दिवशी पळी-चमचा घेऊन उभे होते. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो ही अफवा उठली आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचा धंदा पार बसला. ते निरोप शहरांतील सुशिक्षित घरांतूनही आले आणि गेले. आणि त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर आणि मुले पळविणारे आल्याची अफवा त्या भागात होती. ह्या हत्येस लगोलग धर्मद्वेषाचा रंग देणारे निरोप सुरू झाले, तेव्हा अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले. दुसरी अफवा आणखी किती घेती, हे सांगता येत नाही.

असत्याला एवढा वेग का? ‘सायन्स’ ह्या शास्त्रीय नियतकालिकात मार्च २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे सव्वा लाख वार्तांच्या साखळ्या त्यांनी तपासल्या. खरी वार्ता १,५०० लोकांपर्यंत पोचण्यास खोटीच्या मानाने सुमारे सहापट वेळ लागे, असे त्यांस आढळले. हा दोष यंत्रांचा म्हणावा, तर तेही नाही. स्वयंचलित खात्यांचा हिशेब वगळूनही फरक तसाच राहिला. खोट्या गोष्टीत नवल अधिक असते, ऐकणाऱ्यास धक्का बसतो, आणि मिळालेले नवल दुसऱ्यास सांगण्याची ओढ माणसास असते. चावडीवरील ही जुनी खोड आता तारेवाचून जगभर चालते, इतकेच.

मग ह्यास आवर कोणी घालावा? कंपनीने घालावा, असे कोणी म्हणतात. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या निरोपास एका वेळी एकच ठिकाण ठेवले. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या निरोपावर दोन बाणांची खूणही येते. परंतु २०१६ पासून तेथील संभाषण पूर्णपणे कूटबद्ध असते. पाठविणारा आणि घेणारा यांखेरीज मधला कोणीही ते वाचू शकत नाही. खाजगी पत्र डाकवाल्याने वाचू नये, हे योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की मजकूर खरा की खोटा, हे पाहणारा संपादक वाटेत कोठेच नाही. तो असलाच तर घेणारा स्वतःच आहे.

सरकारने आवर घालावा, असेही कोणी म्हणतात. त्याचाही अनुभव आपल्याच राज्याने घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून पालघर येथील दोन तरुणींना अटक झाली. एकीने मजकूर लिहिला होता आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली होती. त्यातून निघालेल्या वादाचा शेवट २४ मार्च २०१५ रोजी झाला. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. पुढे केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे सरकारच्याच पथकाने ठरवावे असा नियम २०२३ साली आला. तोही सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. ज्याच्यावर टीका व्हावयाची, त्यानेच टीकेचा खरेखोटेपणा ठरविणे न्यायास धरून नाही. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु स्वातंत्र्य न्यायालयाने राखले म्हणजे विवेकाचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरले असे होत नाही. उलट ते वाढले.

आता वादाविषयी. खोट्या वार्तांना भिऊन काही मंडळी म्हणतात, ग्रुपवर राजकारण नकोच. सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा पुरेत. आम्हांस हे मत सर्वस्वी मान्य नाही. ज्या समाजात मतभेद बोलून दाखविता येत नाहीत, तो समाज आतून कुजतो. महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवनच वादातून घडले आहे. १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकावरून ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात जे युद्ध झाले, त्याची धार आजच्या कोणत्याही वादाहून कमी नव्हती. आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्यात आली. परंतु टिळक काय किंवा आगरकर काय, प्रत्येकजण आपल्या पत्रात, आपल्या जबाबदारीवर, आपला युक्तिवाद मांडीत होता. कोणाचे म्हणणे कोणाचे, याचा संभ्रम वाचकास नव्हता. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले, तेव्हा टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. वाद तीव्र असूनही माणूस गमावला जात नाही, तो अशा ठिकाणी.

ह्याच काळातील दुसरे चित्रही विसरता येणार नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली आणि तेथे चहापान झाले. गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. ह्यातून ग्रामण्य उभे राहिले, प्रायश्चित्ताचे वाद झाले, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही त्या चौकशीस तोंड द्यावे लागले. अन्य धर्मीयांशी व्यवहार कसा असावा, रूढीचा अर्थ काय, असे मोठे प्रश्न समोर होते. पण चर्चा झाली ती कोण गेला, कोणी चहा घेतला, कोणास वाळीत टाकावे याची. प्रश्न बाजूला पडला आणि माणसे चव्हाट्यावर आली. नावांची यादी काही कल्पित नव्हती. खरी गोष्टही दुसऱ्यास खाली पाहावयास लावण्यासाठी प्रसिद्ध केली की तिचे विष होते.

ज्ञातिसंस्थेस ह्या प्रसंगातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण वाळीत टाकण्याचे शस्त्र एके काळी ज्ञातींच्याच हाती होते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. जुने ग्रामण्य आता कायद्याने गुन्हा आहे. पण विरुद्ध मताच्या माणसास ग्रुपवर सर्वांनी मिळून घेरावयाचे, त्याच्या घरच्या माणसांचा उद्धार करावयाचा आणि शेवटी त्यास ग्रुपमधून काढून टाकावयाचे, ह्या प्रकारात त्याच वृत्तीचा अंश आम्हांस दिसतो. निवडणुकीच्या हंगामात भाऊ भावाशी बोलेनासा झाला, आणि ग्रुपवरील एका वाक्यामुळे घरच्या मंगलकार्यास आप्त आले नाहीत, असे प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यात असतील. निवडून आलेला उमेदवार पाच वर्षांनी बदलतो. भाऊ बदलून मिळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आरक्षणाच्या प्रश्नावरून २०२३ आणि २०२४ साली राज्यात मोठी आंदोलने झाली. त्या प्रश्नावर प्रत्येकास मत असण्याचा अधिकार आहे. आकडे मांडावेत, न्यायालयांचे निर्णय वाचावेत, कडाडून विरोधही करावा. परंतु एखाद्या संपूर्ण ज्ञातीस आळशी, लबाड किंवा उपरी ठरविणारा मजकूर हे मत नव्हे. तो आपल्या ग्रुपवर आला आणि आपण सर्वांनी हसण्याची चिन्हे टाकली, तर ती आपल्या संस्थेची भूमिका ठरते. आपल्याविषयी तसाच मजकूर दुसऱ्या कोणाच्या ग्रुपवर फिरत असेल आणि तेथेही कोणी अंगठा दाखवीत असेल, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. राईनपाड्यास मारले गेलेले पाच जणही कोणाच्या तरी ज्ञातीचे होते. त्यांच्यासाठीही कोठेतरी एक ओसरी रडली.

केवळ दोष दाखवून थांबणे योग्य होणार नाही. संस्थेने आणि कुटुंबांनी काय करावे, याविषयी काही सूचना आम्ही विचारार्थ ठेवतो.

पहिली सूचना ही की, कोणताही निरोप पुढे पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: कोणी सांगितले, केव्हा घडले, कोठे घडले. तिन्हींपैकी एकही सापडत नसेल, तर तो निरोप आपल्या हातीच थांबावा. दोन बाणांची खूण दिसली, तर दुप्पट सावध व्हावे.

दुसरी सूचना अशी की, राजकारणावर लिहावयाचे तर स्वतःच्या शब्दांत लिहावे. उसन्या मजकुराच्या दहा पानांपेक्षा आपल्या मनाच्या चार ओळी बऱ्या. त्यांना उत्तर देता येते, त्यांचा प्रतिवाद करता येतो, आणि वाद घालणाऱ्यास आपण नक्की काय मानतो हे स्वतःसही कळते.

तिसरी सूचना शहाच्या अटीची. पाठविलेला निरोप खोटा निघाला, तर ज्या ज्या ग्रुपवर तो पाठविला तेथे तेथे, तितक्याच ठळकपणे, तो खोटा असल्याचे लिहावे. असे लिहिल्याने पत जाते ही समजूत चुकीची आहे. पैसे परत करणाऱ्या शहाची पत बाजारात वाढत असे.

चौथी सूचना तरुणांसाठी आणि वडीलधाऱ्यांसाठी मिळून आहे. वडील माणसाने चुकीचे काही पाठविले, तर चारचौघांत हेटाळणी न करता, “काका, हे एकदा तपासून पाहावे असे वाटते” असे प्रथम खाजगीत सांगावे. आणि वडिलांनी ते अपमान न मानता ऐकावे. ज्या घरात धाकट्यास प्रश्न विचारता येतो, त्या घरात खोटे फार दिवस टिकत नाही. घरातील भगिनींस आमची विशेष विनंती आहे. ग्रुपवर त्या पुष्कळदा वाचतात आणि गप्प राहतात. त्यांनी “हे कशावरून?” एवढे दोन शब्द लिहिण्यास आरंभ केला, तरी अर्धे काम होईल.

पाचवी सूचना ॲडमिनांविषयी. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनास जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली दिला आहे. कायद्याने त्यास मोकळे केले तरी यजमानपण उरतेच. आपल्या ओसरीवर पाहुण्याचा अपमान होत असताना यजमान वर्तमानपत्र वाचीत बसत नाही. म्हणून निधनवार्ता, विवाह आणि मदतीचा ग्रुप वेगळा असावा. चर्चेचा वेगळा असावा. आणि चर्चेच्या ग्रुपमधून केवळ विरुद्ध मतासाठी कोणासही काढले जाऊ नये.

शेवटची सूचना, वर्षातून दोन वेळा तरी संस्थेच्या सभागृहात एखाद्या वादग्रस्त प्रश्नावर दोन्ही बाजूंची सभा व्हावी. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जे बोलवत नाही, ते अंगठ्याने लिहिले जाते. समोरासमोर आले म्हणजे आवाज चढतात खरे, पण नंतर चहाही एकत्र होतो. आणि आता त्यासाठी प्रायश्चित्तही घ्यावे लागत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी आपल्यासाठी ठेवलेल्या संपत्तीपैकी घरे विकली गेली, जमिनी वाटल्या गेल्या, दागिने मोडले गेले. अमक्या घराण्यातील माणूस बोलला म्हणजे ते खरे असणार, ही एक ठेव अद्याप शिल्लक आहे. ती आपण कमावलेली नाही, वारशाने आलेली आहे, आणि दररोज न पाहता केलेल्या एकेका फॉरवर्डने ती थोडी थोडी खर्च होते. ही ठेव पुढील पिढीच्या हाती देताना तिच्यात काही भर पडलेली असावी, निदान घट नसावी, एवढीच आमची इच्छा आहे.